आधी ब्लॉक, मग लुकआउट

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : रुळांवर काम करणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे अपघात आणि ‘दुर्लक्ष झाल्या’चा शेरा

रुळांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना गाडीची धडक बसल्याची बातमी अधूनमधून वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर येते आणि बहुधा ‘गाडी येत असल्याचे त्यांच्या लक्षात आले नाही’ अशा एखाद्या वाक्यावर संपते. रुळांची देखभाल करणाऱ्या रेल्वेच्या पर्मनंट वे विभागात, म्हणजे आमच्या बोलीतल्या ‘पी-वे’त, नोकरीची वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला हे वाक्य नेहमी खटकते. ते खोटे असते असे माझे म्हणणे नाही. पण चौकशीची सुरुवात जिथून व्हायला हवी, नेमक्या त्याच जागी ते पूर्णविराम देते. लक्षात का आले नाही, आणि लक्षात येण्याची शक्यता मुळात किती होती, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

२२ जानेवारी २०२४ रोजी रात्री वसई रोड आणि नायगाव यांच्या दरम्यान सिग्नलचा बिघाड दुरुस्त करायला गेलेले तीन कर्मचारी लोकलखाली सापडून गेले. त्यांच्यात एक मुख्य सिग्नल निरीक्षक होते, म्हणजे ज्यांनी इतरांना रुळांवर कसे वागायचे हे शिकवायचे अशा हुद्द्याचा माणूस. त्याआधी १३ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे नाशिक जिल्ह्यात लासलगाव आणि उगाव यांच्या दरम्यान टॉवर वॅगनच्या (वरच्या विजेच्या तारांची देखभाल करणाऱ्या गाडीच्या) धडकेत चार ट्रॅकमन ठार झाले. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात नोंदवले होते की, त्याआधीच्या जेमतेम चार-पाच वर्षांत सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मृत्युमुखी पडले. इतकी माणसे केवळ बेफिकीर होती म्हणून गेली, असे मानायला निदान माझे मन तयार होत नाही.

प्रथम अंतराचा हिशेब मांडतो. ताशी १३० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे ३६ मीटर कापते. सरळ मार्गावर ती एक किलोमीटरवरून दिसली तरी कामावरच्या माणसाच्या हाती अठ्ठावीस सेकंदही नसतात. आणि वळणावर, कटिंगमध्ये (डोंगर कापून काढलेल्या मार्गात) किंवा शेजारच्या मार्गावर मालगाडी आडवी उभी असताना नजर तीनशे मीटरांवर अडली, तर आठ सेकंद उरतात. तेवढ्या वेळात गाडी पाहायची, ती कोणत्या मार्गावरून येते आहे हे ठरवायचे, हातातली पहार किंवा जॅक रुळावरून काढायचा, आणि जिथे दुसरी गाडी येणार नाही अशी जागा शोधून तिथे जाऊन उभे राहायचे.

डोळ्याची बाजू याहून अवघड आहे. इंजिनाची रुंदी तीन मीटर धरली, तर एक किलोमीटरवरून ते हात लांब करून धरलेल्या तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढे दिसते. निम्मे अंतर, म्हणजे निम्मा वेळ, संपेपर्यंत त्या दाण्याचे जेमतेम दोन दाणे होतात. ते डोळ्यांत भरण्याइतके मोठे होते ते शेवटच्या शंभर-दीडशे मीटरांत, म्हणजे अखेरच्या तीन-चार सेकंदांत. शिवाय सरळ आपल्याच रोखाने येणारी वस्तू मागच्या झाडा-खांबांच्या तुलनेत डावी-उजवीकडे सरकत नाही, आणि हालचाल टिपण्यात एरवी तरबेज असलेल्या डोळ्याच्या कडेला टिपण्यासारखे काही मिळत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्शेल लायबोविट्झ यांनी १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरील अपघातांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट मांडली होती : मोठ्या आकाराची वस्तू त्याच वेगाच्या लहान वस्तूपेक्षा संथ भासते. धावपट्टीवर उतरणारे अवजड विमान तरंगत आल्यासारखे वाटते, ते याचमुळे.

मुंबईकरांना याचा एक स्थानिक दाखला आठवत असेल. २०१० च्या सुमारास हार्बर मार्गावर वडाळ्याजवळ, जिथे लोक सर्रास रूळ ओलांडत, तिथे काही अंतरापर्यंत रुळांखालचे आडवे स्लीपर पिवळ्या रंगाने रंगवण्यात आले होते, जेणेकरून धावत्या गाडीखाली पट्ट्यामागून पट्टा नाहीसा होताना दिसावा आणि पाहणाऱ्याला वेगाचा अंदाज यावा. मोटरमननी तिथे एक लांब शिटी वाजवण्याऐवजी दोन तुटक शिट्या द्याव्यात, असेही ठरले होते. ‘रूळ ओलांडणे गुन्हा आहे’ ही पाटी वर्षानुवर्षे टांगलेली असताना कोणीतरी माणसाच्या डोळ्यांचा आणि कानांचा विचार करून उपाय योजला, म्हणून तो प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. रूळ ओलांडणाऱ्याच्या दृष्टीचा विचार होऊ शकतो, तर रुळांवरच दिवस काढणाऱ्याच्या दृष्टीचा का होऊ नये?

आता कीमनच्या कामाकडे जरा जवळून पाहावे, अशी वाचकांना विनंती आहे. खांद्यावर पाना आणि हातोडा, सोबत लाल-हिरव्या झेंड्या आणि डेटोनेटर (गाडीला इशारा देण्यासाठी रुळावर ठेवायचे फटाके) घेऊन हा माणूस रोज आपल्या ठरलेल्या हद्दीतून चालत जातो आणि चालत परत येतो. मुख्य मार्गावर किलोमीटरला साधारण १,६६० स्लीपर असतात आणि प्रत्येक स्लीपरवर दोन्ही रुळांच्या आतून-बाहेरून मिळून रूळ धरून ठेवणाऱ्या चार क्लिपा असतात; म्हणजे एका किलोमीटरमध्ये साडेसहा हजारांहून अधिक क्लिपा त्याच्या नजरेखालून जातात. त्यांतली एखादी सैल झालेली, एखादी निखळलेली, दोन रूळ जोडणाऱ्या एखाद्या फिशप्लेटचा बोल्ट ढिला, थंडीच्या पहाटे आकसलेल्या रुळाच्या वेल्डपाशी गेलेला केसासारखा तडा, हे सगळे त्याने शोधायचे असते. त्यासाठी मान खाली हवी, नजर चार-पाच फुटांवर हवी. आणि त्याच वेळी पुढून-मागून येणारी गाडी पाहण्यासाठी मान वर हवी, नजर किलोमीटरभर लांब हवी. डोळ्याचा जो भाग बारकावा टिपतो तो नजरेच्या एकूण क्षेत्राचा फार छोटा हिस्सा आहे, हात लांब केल्यावर अंगठ्याचे नख जेवढी जागा व्यापते साधारण तेवढा. बाकी सगळे अंदाजाने दिसते. ही दोन्ही कामे एकाच वेळी नीट करणारा डोळा निसर्गाने घडवलेला नाही, आणि कीमन तर एकटा असतो. मालगाडी धडधडत शेजारून जात असली की दुसऱ्या मार्गावरच्या गाडीचा आवाज त्यात बुडून जातो, त्यामुळे कानही मदतीला येत नाहीत.

त्याच्या कामात आणखी एक अडचण आहे आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. बहुतेक दिवशी कीमनला काहीच सापडत नाही. सापडू नये अशीच सगळ्यांची इच्छा असते. पण जे क्वचितच असते ते शोधताना माणूस अधिक चुकतो. दृष्टीचे अभ्यासक जेरेमी वोल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना वस्तूंनी गजबजलेल्या चित्रांतून ठरावीक वस्तू शोधायला सांगितले होते. ती वस्तू निम्म्या चित्रांत होती तेव्हा शोधणाऱ्यांकडून ती सुमारे ७ टक्के वेळा निसटली. शंभरातल्या एखाद्याच चित्रात होती तेव्हा तीच चूक ३० टक्क्यांवर गेली. माणसे आळशी झाली होती असे नाही. ‘काही नाही’ हे उत्तर पुन्हा पुन्हा बरोबर ठरू लागले की मेंदू ते उत्तर लवकर देऊ लागतो. विमानतळावर सामानाची क्ष-किरण तपासणी करणाऱ्यांच्या पडद्यावर म्हणूनच मधूनमधून खोट्या शस्त्रांची चित्रे मिसळली जातात, जेणेकरून शोधण्याची सवय जिवंत राहावी. कीमनच्या हद्दीत निरीक्षकांनी अधूनमधून निरुपद्रवी खुणा, उदाहरणार्थ रंगवलेली एखादी क्लिप, ठेवाव्यात आणि त्या सापडल्या का याची नोंद घ्यावी, असे मला सुचवावेसे वाटते. मात्र त्या नोंदीवरून मेमो देण्याचा मोह साहेब मंडळींनी टाळावा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात खुणांच्या जागा मोबाइलवरून सगळ्या गँगला कळतील.

आमच्याकडे तडा शोधून गाडी थांबवणाऱ्या कीमनचा सत्कार होतो, छायाचित्र छापून येते, आणि ते योग्यच आहे. पण ज्याला तडा दिसला नाही त्याच्यावर आरोपपत्र ठेवताना त्या दिवशी त्याची हद्द किती होती, धुके होते का, किती गाड्यांसाठी त्याला रुळावरून खाली उतरावे लागले, हे कोणी लिहून काढत नाही.

‘अनुभवी माणसाला दिसायलाच हवे होते’ हा युक्तिवाद चौकशीत हमखास येतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी चित्रांत गाठी शोधायला दिल्या होत्या आणि एका चित्रमालिकेत एका गोरिलाची आकृती घातलेली होती. सरासरी गाठीच्या ४८ पट मोठी असलेली ती आकृती २० डॉक्टरांना दिसली नाही. आणि नजरेचा माग घेणाऱ्या यंत्राने दाखवले की, त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट तिच्यावर पडली होती. ज्या गोष्टीच्या शोधात मन गुंतलेले असते तिच्यापलीकडचे डोळ्यांसमोर असूनही नोंदले जात नाही. सैल पॉइंट (गाडीचा मार्ग बदलणारा सांधा) किंवा बिघडलेले ट्रॅक सर्किट (रुळांवर गाडी आहे का हे ओळखणारी विजेची जोडणी) शोधणाऱ्या तंत्रज्ञाचे मनही असेच गुंतलेले असते, आणि काम जितके चोख करणारा माणूस, तितके ते अधिक गुंतलेले असते.

म्हणूनच लुकआउट ठेवण्याची पद्धत आहे. एकाने शिटी आणि झेंडी घेऊन फक्त गाडीकडे पाहायचे, बाकीच्यांनी काम करायचे. नियम चांगला आहे. प्रत्यक्षात गँगमध्ये माणसे कमी असली की लुकआउटच्या हातातही फावडे येते, ‘जरा हात लाव’ म्हणून त्याला हाक जाते, आणि कागदावर लुकआउट असतो, रुळांवर नसतो. तो तिथे असला तरी त्याच्याकडून काय अपेक्षा करावी यालाही मर्यादा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवर डोळे लावून बसणारे सैनिक काही वेळाने खुणा का चुकवतात हे शोधण्यासाठी ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक साधे यंत्र केले होते : एक काटा टिकटिक पुढे सरकतो आणि क्वचित कधी दुप्पट उडी घेतो, ती उडी ओळखायची. पहिल्या अर्ध्या तासातच पाहणाऱ्यांची अचूकता लक्षणीय घसरली. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष त्यानंतर अनेकांनी तपासून पाहिला आहे. आमच्याकडे लुकआउटला मे महिन्याच्या उन्हात सबंध पाळी उभे केले जाते. त्याला अर्ध्या तासाने बदलावे, एवढी साधी गोष्टही अमलात येत नाही, कारण बदलायला माणूस नसतो.

ब्रिटनमध्ये ३ जुलै २०१९ रोजी वेल्समधील मारगम येथे दोन ट्रॅक कामगार गाडीखाली गेले, तिसरा थोडक्यात वाचला. ते बोल्टवर चालवायच्या गोंगाट करणाऱ्या यंत्रावर काम करत होते, मार्ग गाड्यांना खुला होता आणि गाडीकडे पाहण्यासाठी वेगळा माणूस ठेवलेला नव्हता. तिथल्या स्वतंत्र अपघात तपास संस्थेने नुसती मृतांची चूक सांगून न थांबता त्या दिवशीच्या कामाचे नियोजन कसे झाले होते याची चिरफाड केली, आणि पुढच्या काही वर्षांत केवळ माणसाच्या नजरेवर भिस्त ठेवून चालू मार्गावर काम करण्याची पद्धत तिथे जवळजवळ मोडीत काढण्यात आली. काम करायचे तर मार्ग बंद करून, किंवा यंत्राची आगाऊ सूचना मिळत असेल तरच, असा तो क्रम आहे.

इथे रेल्वेबाहेरच्या वाचकांचाही संबंध येतो. रविवारचा मेगाब्लॉक म्हटले की आपण सगळे कपाळाला हात लावतो, समाजमाध्यमांवर विनोद फिरतात, आणि प्रवासी संघटना ब्लॉक लहान करण्याची मागणी करतात. गर्दीचा त्रास खरा आहे, तो मी नाकारत नाही. परंतु ब्लॉक मिळाला, म्हणजे कामापुरता तो मार्ग गाड्यांना बंद ठेवला, तरच ट्रॅकमनला मान खाली घालून काम करता येते. ब्लॉक नाकारला, तासाचा अर्धा तास केला, किंवा ‘गाड्यांच्या मधल्या वेळात उरकून घ्या’ असे सांगितले, की तो सगळा धोका त्याच्या डोळ्यांवर जाऊन पडतो. सिग्नल बिघडल्यावर तर ब्लॉकची वाट पाहण्याइतका धीर कोणालाच नसतो. फलाटावर खोळंबलेल्या हजारो लोकांचा दबाव गाड्यांचे नियंत्रण करणाऱ्या कंट्रोलवर असतो आणि कंट्रोलचा दबाव हातात बॅटरी घेऊन रुळांवर उतरलेल्या दोघा-तिघांवर. रात्रीच्या वेळी उपनगरी मार्गावर बिघाड दुरुस्त करताना किमान त्या मार्गावरची आणि लगतच्या मार्गावरची वाहतूक रोखण्याची सक्ती असावी आणि त्यामुळे होणाऱ्या उशिराचा जाब कोणत्याही कर्मचाऱ्याला विचारला जाऊ नये, हे माझे या पत्रातले मुख्य म्हणणे आहे.

गाडी चालवणाऱ्याने थांबवावी, असे कोणी म्हणेल. रात्री इंजिनाच्या हेडलाइटमध्ये २४० मीटरपर्यंत दिसावे असा रेल्वेचा निकष आहे. ताशी ११० किलोमीटर वेगाने हे अंतर आठ सेकंदांत संपते, आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला त्याच्या कितीतरी पट जागा लागते. तेव्हाच्या औरंगाबाद (आताच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील करमाडजवळ ८ मे २०२० च्या पहाटे रुळांवर झोपलेले १६ स्थलांतरित मजूर मालगाडीखाली गेले, तेव्हाही लोको पायलटला माणसे दिसली होती. गाडी थांबू शकली नाही. सिग्नलच्या बाबतीत रेल्वेने ही मर्यादा फार पूर्वी मान्य केली आहे. लोको पायलट आणि सहायक एकमेकांना सिग्नलचा रंग मोठ्याने सांगतात, कारण नुसते पाहिलेले निसटते आणि उच्चारलेले सहसा निसटत नाही. जपानी रेल्वेत तर हाताने दाखवून बोलण्याची शिस्त शतकभर जुनी आहे. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमन केबिनमध्ये एकटा असतो, म्हणून त्याच्या जोडीला ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टिम दिलेली आहे. आता ‘कवच’ येत आहे. या यंत्रणा लाल सिग्नल ओलांडणाऱ्या गाडीला रोखतात. हिरव्या सिग्नलवरून कायदेशीरपणे येणाऱ्या गाडीपुढे वाकून काम करणाऱ्या माणसाबद्दल त्यांना काही ठाऊक नसते. त्याच्यासाठी ‘रक्षक’ नावाचे, गाडी जवळ येत असल्याची सूचना देणारे उपकरण आहे. ते काही विभागांत दिलेही गेले आहे, पण प्रत्येक कीमनच्या खांद्यावर ते पोहोचलेले नाही.

यंत्रणा डोळ्याच्या मर्यादेशी जुळवून घेऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून रुळांवर आलेल्या दगडांवर कोकण रेल्वेची गाडी आदळली आणि पन्नासच्या वर प्रवासी गेले. त्यानंतर कोकण रेल्वेने कटिंगमध्ये जाळ्या आणि पहारे तर वाढवलेच, पण पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेगही कमी केला; जोरदार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरवर यावे, अशी लोको पायलटना सूचना असते. याचा अर्थ इतकाच की जेवढे दिसते तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. जूनमध्ये मुंबई-मडगाव प्रवासाला लागणारे जादा तास आपण कुरकुर न करता सोसतो. तीच सवलत ट्रॅकमनला बारा महिने हवी आहे.

शेवटी चौकशीबद्दल. गाडीच्या अपघातात प्रवाशाचा जीव गेला की रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात, आणि ते पद मुद्दाम रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवलेले आहे. रुळांवरच्या कर्मचाऱ्याचा जीव गेला की बहुतेक वेळा विभागीय चौकशीवर भागते, ज्या विभागाने माणूस पाठवला तोच विभाग कारण ठरवतो आणि अहवाल बाहेर येत नाही. हे अहवाल, नावे वगळून का होईना, प्रसिद्ध व्हावेत. आणि आपल्या वार्ताहरांना माझी एक विनंती आहे की, यापुढे अशी बातमी देताना त्यांनी रेल्वेच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांना एवढे विचारावे : ब्लॉक मागितला होता का, मागितला असल्यास तो कोणी आणि का नाकारला; लुकआउट कोण होता आणि त्याच्याकडे दुसरे काही काम दिले होते का; आणि सूचना देणारे उपकरण त्या गँगकडे होते का. उत्तर मिळाले नाही, तर तसे छापावे.

आपला,
एक निवृत्त पी-वे कर्मचारी, कल्याण